खानवेलची टाकी उकळली नाही

उज्ज्वलाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी सिल्वासाजवळच्या रांध्यातल्या एका कारखान्याच्या गच्चीवर, सोलरच्या पॅनेलांच्या रांगेत उभा होतो. फोन ऋचाचा होता, ताईंच्या मुलीचा. "विलासकाका, आई गेली... झोपेतच गेली," एवढंच ती बोलली. खाली यंत्रांची धडधड चालूच होती. आजार कळून बरेच महिने झाले होते, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, तरीही असा फोन येतो तेव्हा माणूस तयार नसतोच. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या पहिल्या काही क्षणांत माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातल्या, नाकाला नळी लावलेल्या ताई आल्याच नाहीत. आल्या त्या खानवेलच्या वसतिगृहाच्या अंगणात, भर उन्हात, ओढणी कमरेला बांधून ढोलाच्या तालावर नाचणाऱ्या ताई. त्या दिवशी त्या जिंकल्या होत्या. आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले, रडणं ओसरलंय, आणि मला वाटतं, त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या जिंकण्याबद्दलच लिहावं. सिल्वासाबाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही.

उज्ज्वला खैरनार मूळच्या सटाण्याच्या. वडील शाळामास्तर. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, लग्न झालं आणि दिलीपरावांच्या नोकरीमुळे सिल्वासात आल्या. त्या काळी इथल्या कारखान्यांत बाई म्हणजे ऑफिसात किंवा पॅकिंगला. ताईंनी बॉयलरचं काम मागितलं. मिळालं नाही. पुन्हा मागितलं. शेवटी एका कंपनीतला इंजिनिअर ऐन हंगामात सोडून गेला आणि नाइलाजाने त्यांना घेतलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं त्या वाफेत आणि गरम पाण्यात राहिल्या. घरी अहिराणी, कामावर हिंदी, मालकांशी गुजराती, आणि चिडल्या की या तिन्हींची भेळ. मी नंदुरबारहून नवाकोरा पदवीधर म्हणून आलो तोवर त्या भावेशभाईंच्या छोट्या कंपनीत होत्या. कारखान्यांना, वसतिगृहांना, दवाखान्यांना सूर्यावर पाणी तापवायची यंत्रणा बसवून देणं हा आमचा धंदा. ताईंचं काम त्याच्या आधीचं. यंत्रणा बसवण्याअगोदर ती संगणकात उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन पाडायचं आणि काय होतं ते बघायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं. स्क्रीनवर एक साधा चौकोन होता.

"ही टाकी," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्या हसल्या. "हिच्यात पाणी नाही, पत्रा नाही, म्हणून हिला काही होत नाही असं वाटतंय ना तुला? अरे, खरी टाकी फुटायच्या आधी ही फुटली पाहिजे. त्यासाठीच तर हिचा जन्म."

त्यांना हे इतकं मनापासून का वाटायचं, ते मला नंतर कळलं. आमच्याकडे येण्यापूर्वी त्या ज्या कारखान्यात होत्या तिथे दुसऱ्याच कुणीतरी बसवलेली सोलरची टाकी होती. दिवाळीची सुट्टी लागली, कारखाना बंद, पाणी वापरायला कुणी नाही, आणि ऊन मात्र रोजच्यासारखं. पॅनेलं पाणी तापवत राहिली, टाकी तापत राहिली. सुट्टीनंतर शिरपूरकडचा भटूभाऊ नावाचा ऑपरेटर कामावर आला, त्याने सवयीने नळ उघडला आणि पाण्याऐवजी वाफ अंगावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. ताईच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. वाचला, हातही बरा झाला, पण नळ उघडताना तो कायम एक पाऊल मागे सरकून उभा राहायचा, असं ताई सांगायच्या. त्या टाकीच्या कागदपत्रांत पाणी कधीच उकळणार नाही असं लिहिलेलं होतं. "खोटं नव्हतं रे ते," त्या म्हणायच्या. "कुणी खोटं बोललं असतं तर एक वेळ सोपं होतं. त्यांनी सुट्टीचा विचारच केला नव्हता."

मग खानवेलचं काम आलं. जंगलाच्या कडेला आदिवासी मुलींचं मोठं निवासी वसतिगृह. थंडीत पहाटे तिथे दात वाजतात, आणि आंघोळीचं पाणी तापवायला रोज सरपणाचा ढीग लागायचा. धुराने स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या झाल्या होत्या. भावेशभाईंना हे काम फार महत्त्वाचं होतं. ते नीट झालं तर अशी आणखी कामं मिळणार होती, आणि उद्घाटनाचीही घाई होती. पहिलं सिम्युलेशन मीच केलं. टाकीतलं सगळं पाणी एकसारखं तापतं असं धरलं, मुली रोज सकाळी आंघोळ करतात असं धरलं, आणि उत्तर छान आलं. भावेशभाई खूश. ताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी एकसारखं कुठं तापतं, विलास? बादलीत हीटर ठेवून बघ. वर हात घातलास तर भाजेल, तळाला गार." त्यांनी टाकी आडवी कापली. म्हणजे संगणकात तिचे थर पाडले, एकावर एक, आणि प्रत्येक थराचा हिशोब वेगळा ठेवला. झालं... सरासरी तीच राहिली, पण सगळ्यात वरचा थर कडक उन्हाच्या दुपारी उकळायच्या बेताला आला. आणि आमचा सेन्सर होता टाकीच्या मध्यावर. त्याच्या लेखी सगळं ठीकठाक.

त्याच आठवड्यात ताई मला घेऊन बसने खानवेलला गेल्या. वसतिगृहाच्या गृहमाता शांताबेन कोकणा समाजातल्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. ताईंनी त्यांना टाकीबद्दल एक शब्द विचारला नाही. मुली कधी उठतात, कधी घरी जातात, सणावाराला काय होतं, हेच विचारत बसल्या. मी कंटाळून बाहेरच्या सागाकडे बघत होतो.

"होळीला तर इथे चिमणीपण नसते, मॅडम," शांताबेन म्हणाल्या. "आमच्या लोकांची होळी म्हणजे मोठा सण. पोरी आधीच पळतात, आणि लवकर काय परत येत नाहीत. मी एकटी आणि हा वॉचमन."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. होळी, म्हणजे फाल्गुनातलं कडक ऊन, स्वच्छ आकाश, आणि पाणी वापरायला कुणीच नाही. त्यांच्या मनात तेव्हा भटूभाऊच आला असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगणकातल्या वसतिगृहाला होळीची सुट्टी दिली. वरचा थर शंभरावर गेला, आणि तिथेही थांबला नाही. संगणकाला पाणी उकळून वाफ होते हे कुठे माहीत होतं? तो बिचारा आकडा वाढवत राहिला. भावेशभाई मागे येऊन उभे राहिले. माणूस मनाने वाईट नव्हता, पण तारीख डोक्यावर होती.

"बेन, यात तर सेटिंग असते ने? पंच्याण्णवच्या वर जायचं नाही असं लिहून टाका. खतम."

"लिहिता येतं," ताई म्हणाल्या. "मी आकडा अडवला की आकडा थांबेल. पण ती उष्णता गेली कुठे, भावेशभाई? ऊन तर पडतंयच. पॅनेल तापतंयच. इथे मी ती खोडरबरने पुसली तर खानवेलला ती कोण पुसणार?"

"अरे, कम्प्युटरची टाकी आहे ती! खोटी टाकी!"

"तिला खोटं आपण करतोय."

भावेशभाई संतापले. बडोद्याचा एक सल्लागार आहे, तो दोन दिवसांत रिपोर्ट देतो, असं म्हणाले. ताई शांतपणे उठल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या त्याला. मी सही करणार नाही. फक्त एक करा. होळीनंतर पोरी परत येतील तेव्हा पहिला नळ तुम्ही स्वतः उघडा. तुमच्या हाताने. मी बाजूला उभी राहते."

मला अजून आठवतं, भावेशभाईंचा हात नकळत खिशात गेला. मग ते म्हणाले, "केटला दिवस जोईए तमने?" किती दिवस हवेत तुम्हाला. सल्लागाराचं नाव त्यानंतर ऑफिसात निघालं नाही.

पुढचे आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात कठीण, आणि सगळ्यात आनंदाचे. आधी आम्ही सेन्सर वर नेला आणि वरचा थर तापला की पंप बंद व्हायला लावला. सोपं वाटलं होतं. संगणकातला पंप वेड्यासारखा वागायला लागला. बंद झाला की पाणी जरासं निवायचं, निवलं की पंप सुरू, सुरू झाला की पुन्हा तापायचं. लागोपाठ चालू-बंद, चालू-बंद. "खरा पंप असता तर महिन्यात जळाला असता," ताई म्हणाल्या, आणि त्यांना याचाही आनंदच झालेला दिसला, कारण इथे काहीच जळालं नव्हतं. मग पंप थांबायचा आकडा आणि पुन्हा सुरू व्हायचा आकडा यांत चांगलं अंतर ठेवलं. पंप शहाणा झाला. पण आता पंप थांबल्यावर पॅनेलांत जे पाणी अडकून राहायचं तेच उन्हात उकळायला लागलं. टाकी वाचली आणि नळ्या फुटायची वेळ आली. मी तर हातच टेकले.

ताई दोन दिवस त्याच विचारात होत्या. डबा उघडायच्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्हाला वाटून टाकायच्या आणि स्वतः चतकोर भाकरी हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायच्या. तिसऱ्या दिवशी जेवता जेवताच उठल्या. "पाणी वर ठेवायचंच कशाला?" त्या म्हणाल्या. "पॅनेलं रिकामी करू. पंप थांबला की पाणी आपल्या वजनाने खाली यायला पाहिजे, सगळंच्या सगळं, टाकीत. कोरडं पॅनेल तापू दे तापायचं तेवढं. काच आहे, तांबं आहे, त्याला काय होतंय!" ही पद्धत त्यांनी शोधली असा दावा त्यांनी कधी केला नाही. जगात ती आहे, त्यांनी ती वाचलेली होती. पण त्यासाठी टाकीत वर मोकळी जागा लागते, प्रत्येक पाइपाला उतार लागतो, आणि तापलेल्या कोरड्या पॅनेलात भलत्या वेळी पाणी सोडलं तर तिथल्या तिथे वाफेचा भडका उडतो. म्हणून एकदा थांबलेला पंप ऊन उतरून पॅनेल निवेपर्यंत सुरू होऊ द्यायचा नाही. हे सगळं आम्ही संगणकात एकेक करून बसवलं, आणि ताईंनी मुद्दाम वाईटात वाईट होळी रचली. ढग नाही, वारा नाही, मुली नेहमीपेक्षा उशिरा परत येणार. मी बटण दाबलं. रेघ चढत गेली, चढत गेली... आणि ठरवलेल्या जागी येऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. ताईंनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप नाचले. संध्याकाळी सगळ्या ऑफिसला गरम जिलेबी होती.

पण स्क्रीनवरचं जिंकणं हे अर्धंच, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्रणा बसली, उद्घाटन झालं, हार-तुरे झाले. त्या दिवशी ताई मागे उभ्या होत्या. त्यांची तारीख वेगळी होती. होळीला मुली गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांनी, ऊन चांगलं भरात असताना, ताई, मी आणि भावेशभाई खानवेलला पोहोचलो. वसतिगृह सुनसान. लांबच्या पाड्यांवरून ढोलाचे आवाज येत होते. शांताबेननी अंगणात खुर्च्या टाकल्या, पण ताई बसल्याच नाहीत. टाकीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्या आकडा बघत होत्या. भावेशभाईंनी दोनदा रुमालाने मान पुसली.

आकडा चढत होता. ठरलेल्या मर्यादेच्या जवळ आला. मग कट् असा बारीक आवाज झाला आणि पंप थांबला. क्षणभर काहीच नाही. आणि मग वरून, छपरावरच्या पाइपांतून, पाणी खाली यायला लागलं. गडगडत, खळखळत, हंड्यात हंडा ओतावा तसं. आवाज कमी होत होत थांबला. पॅनेलं रिकामी झाली होती. टाकीवरचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. दुपारभर आम्ही बसून होतो. ऊन आग ओकत होतं, पण आकडा हलला नाही. मी लॅपटॉप उघडून संगणकातल्या टाकीची रेघ शेजारी धरली. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या.

ताई भावेशभाईंकडे वळल्या. "चला. नळ."

भावेशभाई उठले. न्हाणीघरात गेले, एकदा आमच्याकडे बघितलं, आणि नळ उघडला. चांगलं कढत, पण शांत, सरळ पाणी पडलं. ना फुरफुर, ना वाफ. त्यांनी बादली भरली, विसण घातलं, आणि कंपनीच्या मालकाने तिथेच शर्टाच्या बाह्या वर करून तोंड धुतलं. "तमे जीत्या, बेन," ओल्या तोंडानेच ते म्हणाले. तुम्ही जिंकलात. तेवढ्यात ढोल वाजवत पोरांची एक टोळी होळीचा फगवा मागत फाटकाशी आली. शांताबेननी त्यांना आत बोलावलं, आणि मग मी मघाशी सांगितलं ते दृश्य. ओढणी कमरेला बांधून ताई त्या टोळीत घुसल्या. शांताबेन त्यांना पाय कसा टाकायचा ते दाखवत होत्या, ताईंचा पाय दर वेळी चुकत होता, आणि त्या हसत होत्या, घामाने निथळत हसत होत्या. मी माणसाला इतकं आनंदात फार वेळा बघितलेलं नाही.

ती टाकी मे महिन्याच्या लांब सुट्टीतही उकळली नाही. पुढच्या थंडीत शांताबेनचा फोन आला की मुली आता आंघोळीला ओढून न्याव्या लागत नाहीत, बाहेर काढाव्या लागतात. मग कामं येत गेली. दुसरी वसतिगृहं, एक दवाखाना, किलवणीची डेअरी. प्रत्येक ठिकाणी ताई आधी माणसांना भेटायच्या, कोण कधी नसतं ते विचारायच्या, आणि मगच संगणकाला हात लावायच्या. आमच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला त्यांनी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली की आकडा अडवायचा नाही, त्यामागची उष्णता शोधायची. यातून किती भाजलेले हात वाचले हे सांगता येत नाही, कारण जे घडलंच नाही ते मोजणार कसं? ताईंना त्याचं वाईट वाटायचं नाही. "आपलं काम नीट झालं तर कुणाला कळतच नाही," असं त्या मोठ्या मजेत सांगायच्या.

आजार कळला तेव्हा किलवणीचं काम अर्ध्यावर होतं. ते त्यांनी घरून, पलंगावर लॅपटॉप घेऊन पुरं केलं. दिलीपराव रागवायचे, आणि मग स्वतःच चार्जर लावून द्यायचे. शेवटची भेट वापीच्या दवाखान्यात. बोलताना त्यांना धाप लागत होती. मी त्यांच्या तब्येतीचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "किलवणी?"

"डेअरी दुरुस्तीसाठी बंद होती, ताई. सगळे दिवस कडक ऊन. टाकी बरोबर जागेवर थांबली."

त्यांनी सलाइनची सुई नसलेला हात वर केला आणि मूठ आवळली. "मी सांगेल व्हतं ना तुले!" त्या म्हणाल्या. माहेरच्या बोलीत. मग डोळे मिटून बराच वेळ हसत राहिल्या. मी निघताना त्यांनी निरोपाचं काही म्हटलं नाही, मीही नाही. जिंकलेल्या माणसाच्या खोलीतून बाहेर पडावं तसा मी बाहेर पडलो.

शोकसभा झाली, त्यानंतर ऑफिसात ताईंच्या खोलीचं काय करायचं हा प्रश्न आला. भावेशभाई म्हणाले, राहू दे, कुलूप लावा, जसंच्या तसं ठेवू. आम्ही माना डोलावल्या. कुलूपही आणलं. पण ते लागायच्या आधीच एका दुपारी आमच्यातले दोन तरुण इंजिनिअर, दादरा गावातल्या एका कामावरून जुंपलेले, सवयीने तडक त्या खोलीत शिरले. भांडण करायचं ते तिथे, असाच आमच्याकडे रिवाज पडला होता. एक मराठीत तावातावाने बोलत होता, दुसरी गुजरातीत. आवाज वाढले तसा मी गेलो, मग हिशोब बघणारे काका आले, आणि शेवटी भावेशभाई दारात येऊन उभे राहिले. आम्ही चपापलो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, फळ्यावर नुकतीच काढलेली आकृती बघितली, आत येऊन खुर्ची ओढली आणि त्या मुलीला म्हणाले, "हं, आगळ बोल, पुढे बोल. तू त्याला पटवलंस की नाही अजून?"

कुलूप अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. ती खोली दिवसभर माणसांनी भरलेली असते.